तिसरं कोटेशन

हिलालआप्पांनी आमच्या कंपनीसाठी पहिली खरेदी केली ती एका केरसुणीची, आणि तिच्यासाठी तीन कोटेशनं मागवली. एका केरसुणीवाल्या बाईंना लिहिता येत नव्हतं. आप्पांनी त्यांच्या वतीने स्वतःच कोटेशन लिहिलं, वाचून दाखवलं, त्यावर बाईंचा अंगठा घेतला, आणि मग 'दर जास्त' असा शेरा मारून ते नाकारलं.

कंपनी म्हणजे सुरतेत उधन्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे आम्ही तीन इंजिनियर आणि चौथे आप्पा. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबवणारी एक पेटी आम्ही बनवत होतो. आमची पेटी कधी धागा तुटूनही माग थांबवत नसे, कधी न तुटताच थांबवत असे. सरासरी काढली तर ठीक होतं.

आप्पा मूळचे खानदेशातल्या पारोळ्याकडचे. सुरतेच्या एका कापडगिरणीच्या स्टोअरमध्ये त्यांनी वीस वर्षं काढली. गिरणी बंद पडली तेव्हा तिथले नियम तेवढे ते बरोबर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी 'खरेदी विभाग' असा रबरी शिक्का करून घेतला. विभागाला खुर्ची नव्हती. आप्पा खोक्यावर बसून शिक्का मारत.

"कागद पाहिजे, साहेब," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला एकदा ताप आला तर त्यांनी तीन डॉक्टर गाठले. तिघांची निदानं वेगवेगळी निघाली. आप्पांनी मधलं निवडलं.

सुरतेचे व्यापारी नगाला 'नंग' म्हणतात. आप्पा फोनवर अत्यंत गंभीरपणे विचारत, "शेठ, तमारे त्यां केटला नंग छे?" तेव्हा आम्ही तिघे एकमेकांकडे बघत असू.

आमच्या पेटीत रिले नावाचा काडेपेटीएवढा भाग लागे. टक् करून वीज जोडायची किंवा तोडायची, एवढंच त्याचं काम. तो न मिळाल्यामुळे कंपनी बंद करायची पाळी आली. रमणिकभाई नावाच्या एका कारखानदाराने दहा माग चाचणीसाठी द्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी पेट्या बसल्या तर ठीक, नाहीतर तो दुसऱ्याला हो म्हणणार होता, आणि आम्हाला शेडला कुलूप लावून नोकऱ्या शोधाव्या लागणार होत्या. आदल्या मंगळवारी कळलं की नेहमीच्या दोन्ही दुकानांतले रिले संपले आहेत.

"मग तिसरा?" मी विचारलं. फायलीत प्रत्येक वस्तूचं तिसरं कोटेशन एकाच नावाचं असे: दामोदर ट्रेडर्स, डिंडोली. सुंदर वळणदार अक्षर, आणि भाव दर वेळी सगळ्यांत जास्त.

"तो नको, साहेब."

"का?"

"महाग पडतो."

एवढं बोलून आप्पा पत्र्याच्या पेट्या बघायला कामरेजला निघून गेले. मी वैतागून स्वतःच ऑर्डर टाइप केली, शिक्का मारला आणि स्कूटरवरून डिंडोली गाठली.

पत्त्यावर दुकान नव्हतं. एक खोली होती. खाटेवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. उजवा पाय लुळा. पुढ्यात स्टुलावर लेटरहेडचा गठ्ठा, पट्टी आणि दोन शाईपेनं. रिले सोडाच, खोलीत विकण्यासारखी एक वस्तू नव्हती. मी परत फिरणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातातल्या पाकिटावर गेली.

"ऑर्डर आहे का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ती दोनदा वाचली. "शनिवारी माल पोचेल. डिलिव्हरी चलनासकट."

संध्याकाळी आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते खोक्यावर बसलेच. "त्यांना ऑर्डर दिली? साहेब, त्यांना ऑर्डर द्यायची नसते हो."

पुरवठादाराला ऑर्डर मिळाली म्हणून हादरलेला खरेदी अधिकारी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग हळूहळू सगळं बाहेर निघालं. दामूनाना म्हणजे गिरणीचे हेड स्टोअरकीपर, आप्पांचे साहेब. गिरणी गेली, पुढे पाय गेला. मुलगा हजीऱ्याला कामाला, रविवारी येतो.

"आपलं पत्र गेलं की नाना दाढी करतात," आप्पा म्हणाले. "दोन दिवस बसून दर काढतात. जास्त लावा म्हणून मीच सांगून ठेवलंय. बाजार चढलाय म्हणतो."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दोन वर्षांतली पहिली रजा मागितली. कारण लिहिलं, 'घरगुती'. गुरुवारी पहाटेच्या गाडीने ते मुंबईला गेले.

शनिवारी अकरा वाजता शेडपुढे रिक्षा थांबली. इस्त्रीच्या शर्टात दामूनाना, मांडीवर खोकं, खिशात चलन. आम्ही दोघांनी धरून त्यांना आत आणलं. चाचणीला दहा रिले हवे होते, खोक्यात बारा होते. आप्पांनी आयुष्यात प्रथमच पाहत असल्यासारखा एकेक रिले उजेडात धरला आणि त्याचे तारेचे पाय तपासले. शेवटी दोन बाजूला ठेवले.

"हे रिजेक्ट, नाना."

मी दचकलो. मुंबईच्या दुकानात तासभर उभं राहून हे बाराही त्यांनीच पारखून आणले होते आणि नानांकडे पोचवले होते.

"रिजेक्ट?" नाना म्हणाले. "कारण लिहून दे."

"पाय वाकडा आहे."

"वाकडा?" नाना एकदम अहिराणीवर आले. "मना हाताखाले शिकना तू, आनि मनाच माल परत करस?"

"नियम आहे, नाना."

नानांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चष्मा पुसून घेतला. पुढचा पाऊण तास दोघे कडाकडा भांडत होते. आम्ही उरलेले दहा रिले घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला पेट्या जोडायला बसलो. मध्ये एकदा मी मिटवायला म्हणून उठलो, तर आप्पांनी नानांच्या पाठीमागून हाताने मला खूण केली, बसा म्हणून.