ओट्सच्या डब्याला हात लावायचा नाही!

"तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल खाली आणून दाखवतो! नाही आणलं तर नाव बदलेन!" बाळूने डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली.

"टेबल नका हादरवू, पाय चालवा," डॉक्टर म्हणाले. "नऊ वर्षांत एचआयव्हीची एक गोळी चुकवली नाहीत. व्हायरस रक्तात सापडतसुद्धा नाही. आता हृदय सांभाळा. तळलेलं बंद, ओट्स खा, रोज भराभर चाला. नाही उतरलं, तर म्हटलं तशी आणखी एक गोळी."

ओट्स म्हटल्यावर बाळू खुर्चीतून ताडकन उठलाच!

बाळू म्हणजे बावन्न वर्षांचा चष्मेवाला. थोरल्या अक्काकडे राहायचा. एचआयव्हीचं कळलं तर अक्का आपलं ताट वेगळं काढेल, या धास्तीने त्याने नऊ वर्षं गोळ्या लपवल्या होत्या. कुठे? ओट्सच्या डब्यात! त्या घरात ओट्सना कुत्रंही विचारत नसे. पण डबा आता गच्च झाला होता, आणखी एक बाटली मावणं शक्य नव्हतं. म्हणून तर एवढी जिद्द!

घरी त्याने फक्त कोलेस्टेरॉलचं सांगितलं. अक्काने कढई माळ्यावर टाकली. "उद्यापासून सगळे ओट्स खाणार! आण तो डबा!"

बाळूने झडप घालून डबा काखेत मारला. "मी... चालायला निघालो!"

"डबा घेऊन?"

"हातात वजन हवं! डॉक्टरांनीच सांगितलंय!"

झालं! सकाळी अक्का "डबा" म्हणाली की बाळू दाराबाहेर. संध्याकाळी पुन्हा तेच. बागेला सात फेऱ्या, काखेत खुळखुळणारा डबा! तिसऱ्या आठवड्यात शेजारचे मास्तर साखरेचा डबा घेऊन आले. महिन्याभरात बागेत पाचजण डबे घेऊन चालू लागले. "बाळू, साखरेने लवकर उतरतं की पिठाने?" मास्तर गंभीरपणे विचारायचे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. उतरलं! नवी गोळी नको! अक्काने कागद वाचून डोळे पुसले.

"आता ठेव तो डबा खाली. झुरळं झाली तेव्हा उघडला होता मी, पहिल्याच वर्षी. सगळं ठाऊक आहे मला. तू सांगशील म्हणून थांबले."

बाळूने डबा खाली ठेवला. "आणि... माझं ताट?"

"कधी वेगळं काढलं? नऊ वर्षं माझ्या ताटातलं पळवतोयस, मेल्या!"

बाळूला रडू आलं, अगदी लहान मुलासारखं. मग एकदम आठवलं. "मग रोज डबा कशाला मागायचीस?"

"नाहीतर तू चालला असतास?"

तिने बाटल्या काढून आपल्या कपाटात ठेवल्या, नऊ वर्षांचे ओट्स कचऱ्यात ओतले आणि डबा त्याच्या हातात दिला. "नीघ. खाली मंडळी खोळंबलीत."

बागेत मास्तरांनी कान टवकारले. "आज आवाज नाही?"

"रिकामा आहे," बाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाचही डबे रिकामे! मास्तर नव्या माणसाला ठासून सांगत होते, "डॉक्टरांनीच सांगितलंय!"