रॅम पोहायला गेली

मास्तरांचं ठाम मत होतं की जगात अवघड असं काही नसतं, ते फक्त नीट शिकवलेलं नसतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बेडकाच्या पोटापासून आगगाडीच्या इंजिनापर्यंत सगळं फळ्यावर उघडून दाखवलं होतं. त्यामुळे घरातला संगणक घरघरू लागला आणि सूनबाई म्हणाली, "दुरुस्तीवाल्याला बोलावते," तेव्हा मास्तर दुखावले.

"घरात मी असताना?"

"बाबा, तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय." सूनबाईने चपला पायात सरकवल्या. "संध्याकाळी माझी मुलाखत आहे, याच संगणकावर. त्यांना घराचा नकाशा काढून दाखवायचाय, तो काही फोनवर जमायचा नाही. इतकी वर्षं घरी बसल्यावर पहिल्यांदा कुणी बोलावलंय. मी चष्म्याची दांडी बसवून येते. तोवर घरघरू दे त्याला."

"घरघरू दे," मास्तर म्हणाले, आणि तिची पावलं जिन्यात विरेपर्यंत त्यांनी शब्द पाळला.

घरघर पंख्याची आहे, हे निदान मात्र त्यांनी अचूक केलं. सीपीयूच्या पंख्यावर धूळ बसली की तो जिना चढून आलेल्या पाहुण्यासारखा धापा टाकतो. झाकण काढायचं, ब्रश फिरवायचा, झाकण लावायचं. मास्तर एकटे असते तर एवढ्यावरच भागलं असतं. पण समोर नात येऊन बसली. तिच्यामागून शेजारचा भुंगा आला. सतत गुणगुणतो म्हणून भुंगा. वरच्या मजल्यावरची खार आली. मिळेल ती वस्तू जपून ठेवते म्हणून खार. तीन मुलं मांडी घालून बसलेली दिसली की मास्तरांचा हात आपोआप खडू शोधतो.

"नुसतं ऐकलेलं विसरतं. हातात घेतलं की कळतं," ते म्हणाले, आणि बघता बघता सीपीयूचा डबा रिकामा झाला. भुंग्याला पंखा मिळाला, नातीला हार्ड डिस्क, आणि खारीला एक लांबट हिरवी पट्टी.

"हिला रॅम म्हणतात. डिस्क म्हणजे कपाट, तिथे सगळं साठवलेलं असतं. पण काम करताना हाताशी लागेल ते रॅम लक्षात ठेवते. आता तुम्हीच संगणक. मी बटण दाबतो."

भुंगा गिरक्या घेऊ लागला. नातीने आपल्या कपाटातली एक कविता खारीच्या कानात सांगितली आणि खारीने ती एकही शब्द न गाळता म्हणून दाखवली. मास्तरांना भरून आलं. इतका रंगलेला तास त्यांनी शाळेतही घेतला नव्हता. तेवढ्यात वरून खारीच्या आईची हाक आली, पोहायला उशीर होतोय म्हणून.

"घरी जाऊन उजळणी करा," मास्तरांनी सांगितलं आणि वर्ग सुटला.

मग त्यांनी निवांतपणे डबा भरला. शेवटी एक स्क्रू उरला. तो बनवणाऱ्याने चुकून जास्तीचा घातला असणार, असं त्यांनी ठरवलं. बटण दाबलं. पंखा लोण्यासारखा फिरला, घरघरीचं नाव नाही. पण पडदा काळाच राहिला आणि डब्यातून केविलवाणे बीप बीप सुरू झाले. मास्तरांनी वायरी काढल्या, लावल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. तासभर डबा रडतच होता.

"काहीतरी विसरलाय तो," ते शेवटी म्हणाले.

"विसरणारच, आजोबा. रॅम पोहायला गेलीये."

"कोण पोहायला गेलंय?" दारातून सूनबाईने विचारलं. दुकानात गर्दी होती, म्हणून तिला उशीर झाला होता. नातीने सगळं सांगितलं, गिरक्यांसकट. सूनबाईने नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मुलाखतीला अर्धा तास उरला होता. तिने आरडाओरडा केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सगळे जिन्यात आले, तर खार ओल्या केसांनी वर चढत होती.

"ती पट्टी कुठंय गं?"

"नीट ठेवलीय, आजोबा."

"पाण्यात नाही ना नेलीस?"

"छे, तिला सर्दी होईल ना. अगदी सुरक्षित जागी ठेवलीय."

"कुठल्या जागी?"

खारीने डोळे घट्ट मिटले. बऱ्याच वेळाने उघडले. "ते नाही आठवत."

"भुंग्याकडे आहे की संगणक," मास्तर घाईने म्हणाले. "तिथूनच दे मुलाखत."

भुंग्याच्या वडिलांनी दार उघडलं. "या मास्तर, तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले, पण आवाजात स्वागत नव्हतं. आत जमिनीवर चादर अंथरली होती आणि चादरीवर त्यांचा संगणक सुटा होऊन पडला होता. भुंगा धाकट्या बहिणीच्या हातात पंखा देत होता. "तू पंखा. फिर."

"गृहपाठ आहे म्हणे," वडील म्हणाले.

खरं तर मास्तरांनी शरमायला हवं होतं. पण सांगितलेली उजळणी त्याच दिवशी करणारा विद्यार्थी त्यांना उभ्या हयातीत भेटला नव्हता. "भाग बघा कसे ओळीने मांडलेत," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

भाग फक्त सूनबाईने बघितले. तिने वाकून एक हिरवी पट्टी उचलली, तिच्या कडेची खाच निरखली आणि म्हणाली, "आमच्या पट्टीसारखीच दिसतेय. तासभर नेऊ?"

"न्या. बाकीचं तरी कुठं चालतंय."

घरी आल्यावर तिने पट्टी स्वतः बसवली. टक असा आवाज झाला, पडदा उजळला आणि तिने मोठा श्वास सोडला. "बाबा, तुम्ही दाराबाहेर थांबा. हात मागे."

मास्तर दाराबाहेर उभे राहिले. पोरांना वर्गाबाहेर उभं केलं की तिथून आतलं किती स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना आज कळलं. सूनबाईने नकाशा काढून दाखवला. पलीकडची बाई काही विचारत होती, सूनबाई न अडखळता उत्तरं देत होती. नकाशा आवडल्याचं मास्तरांना आवाजावरूनच समजलं.

"शेवटचा प्रश्न," ती बाई म्हणाली. "काम घरूनच करायचंय. संगणक बिघडला, तर घरात त्यातलं कळणारं कुणी आहे?"

सूनबाईने दाराकडे पाहिलं. मास्तरांनी कॉलर सारखी केली.

"आहेत ना," ती म्हणाली. "पण ते बिघडायच्या आधीच दुरुस्त करतात."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मग सोमवारपासून सुरू करा. आणि त्यांना दुसरं काहीतरी काम द्या."

नोकरी मिळाली, याचा मास्तरांना इतका आनंद झाला की स्तुती झाली की निंदा, हे त्यांनी तपासून पाहिलंच नाही. ते अभिनंदन करायला आत निघाले, तेवढ्यात मागून नातीने त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच काढून घेतला.