पोस्टमास्तरांचा निरोप

"अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही निरोप चुकीच्या पत्त्यावर गेलेला नाही," असं पोस्टमास्तर रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, तेव्हाच काकूंनी ओळखलं की या आठवड्यात आपल्याला काहीतरी निस्तरावं लागणार.

पोस्टमास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची दोन त्यांनी आणि काकूंनी या परक्या देशात, मिशनच्या सेवेत घालवली होती. मिशनला ज्येष्ठ जोडपी हवी होती. मुलं मार्गी लागलेली, पेन्शन सुरू झालेली आणि गुडघे बऱ्यापैकी चालणारी. पहिल्या दोन अटी त्यांनी पूर्ण केल्या होत्या. तिसरीपुढे पोस्टमास्तरांनी गुडघ्यांना न विचारताच 'होय' लिहून टाकलं होतं.

इथे आल्यावर कामांची वाटणी आपोआप झाली. पोस्टमास्तरांकडे चर्चच्या किल्ल्या, नोंदवह्या, गळके नळ आणि बोलणं. काकूंकडे उरलेलं सगळं. मंगळवारी वृद्धाश्रमातल्या आज्यांची नखं कापायची, बुधवारी शिवणवर्गात अधू डोळ्यांच्या बायकांना सुईत दोरा ओवून द्यायचा, गुरुवारी कुणाकडे तरी जाऊन बसायचं. नुसतं बसायचंच, कारण काकूंना इथल्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येत होते आणि त्यातले बारा भाज्यांचे होते.

आता दोन वर्षं संपत आली होती. फ्रिजवर चुंबकाखाली मिशनचा फॉर्म लटकत होता. आणखी एक वर्ष राहणार का, एवढा एकच प्रश्न आणि खाली दोघांच्या सह्या. पोस्टमास्तरांनी फॉर्म आला त्याच दिवशी सही ठोकली होती, खाली दुहेरी रेघ मारून. शेजारची काकूंची जागा तीन आठवडे कोरी होती. येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म टपालात पडायला हवा होता.

"अगं, कर ना सही," पोस्टमास्तर म्हणाले.

"मी इथे राहून करू काय? तुम्ही गेलात तर नळ गळतील, दिवे बंद पडतील. माझ्यावाचून कुणाचं काय अडणार आहे? दोन वर्षं झाली, मला कुणाची धड विचारपूसही करता येत नाही. त्यापेक्षा घरी जाऊन नातीला बोलायला शिकवीन."

पोस्टमास्तर फ्रिजवरचं चुंबक सरळ करू लागले. 

तेवढ्यात चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. त्यांचा घसा पार बसला होता, आवाज फुटत नव्हता आणि डॉक्टरांनी आठवडाभर घरीच पडून राहायला सांगितलं होतं. उपासना चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी उरकावी आणि शेवटी एक सूचना द्यावी, असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. सोमवारी रंगारी येणार आहे, तेव्हा शनिवारी दुपारी तीनला सर्वांनी चर्चचं सभागृह झाडायला यावं. येताना झाडू, फडकी आणि बादल्या आणाव्यात.

अशा सूचना नेहमी चर्चच्या मंडळीतल्या शाळामास्तरीणबाई देत. त्यांना इंग्रजी येत होतं आणि काकूंचं इथलं बोलणं-चालणं बहुतेक त्यांच्याच मार्फत व्हायचं.

"बाईंकडे द्या की," काकू म्हणाल्या.

"दोन वर्षांनीही दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं? साधा निरोप तर द्यायचा आहे. मी देतो."

पोस्टमास्तरांनी फोन काढला आणि त्यातल्या शब्दकोशात ठसक्यात टाइप केलं, 'निरोप'.

आता आपला निरोप म्हणजे मोठा दुतोंडी शब्द. आईने शेजारणीकडे दळणाबद्दल काही सांगून पाठवलं तर तोही निरोप, आणि मुलगी सासरी जाताना अंगण रडलं तर तोही निरोप. आपण बोलणाऱ्याचा चेहरा बघून ओळखतो. फोनने दोन शब्द दाखवले, एकाखाली एक. पोस्टमास्तरांनी वरचा घेतला, कारण पोस्टाच्या खिडकीवरही जो पुढे असेल त्याचंच काम आधी होतं.

झाडूचा शब्द फारच लांब निघाला आणि त्यात मध्ये काहीतरी गिळल्यासारखा आवाज होता. तो त्यांनी गाळला. त्याऐवजी 'रिकाम्या हाताने येऊ नका' असं सांगितलं की कुणालाही कळेल, असा त्यांनी विचार केला.

त्यामुळे उपासनेच्या शेवटी मंडळीने जे ऐकलं ते असं होतं: "पाळकसाहेब आजारी आहेत म्हणून मी बोलतो. आज मी तुम्हाला कायमचा राम राम करतो. शनिवारी दुपारी तीनला सगळे सभागृहात या. मी आणि माझी बायको दारात उभे राहून तुमची वाट बघू. रिकाम्या हाताने येऊ नका." मग बादल्यांची आठवण होऊन त्यांनी दोन्ही हात पसरले आणि हसऱ्या चेहऱ्याने जोडलं, "जितकं मोठं, तितकं बरं."

पहिल्या बाकावर बसलेल्या बेकरीवालीने डोळ्यांना रुमाल लावला. शाळामास्तरीणबाई पोस्टमास्तरांकडे बघतच राहिल्या आणि मग त्यांनी मान फिरवली. काकूंना त्या भाषणातले 'शनिवार', 'बायको' आणि 'हात' एवढेच शब्द कळले.

"बघितलंस?" घरी येताना पोस्टमास्तर म्हणाले. "नुसत्या सूचनेने माणसं हलली. बोलण्यात जीव ओतावा लागतो."

सोमवारी काकू पाव आणायला गेल्या. बेकरीवालीने पाव बांधून दिला आणि काकूंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला तो सोडेचना. मागे सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्यांपैकी कुणी कुरकुर केली नाही, हे काकूंना जास्तच विचित्र वाटलं.

मंगळवारी वृद्धाश्रमात नखं कापताना सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी आपला दुसरा हात पाठीमागे लपवला. काकूंनी खूण करून मागितला तर मान हलवून नाही म्हणाल्या. पाच बोटं राहिली तर पाच बोटांसाठी तरी ही बाई परत येईल, असा त्यांचा हिशोब होता. काकूंना तो कुठून कळणार?

बुधवारी मात्र काकू घाबरल्या. रस्त्यात दोघांना मंडळीतला सुतार भेटला. त्याने पोस्टमास्तरांना हळुवारपणे थांबवलं, खिशातून टेप काढला आणि कॉलरपासून खालपर्यंत त्यांच्या लांब कोटाचं माप घेतलं. कानावरची पेन्सिल काढून आकडा हातावर लिहिला, पोस्टमास्तरांच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला.

शिंप्याने घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण सुताराने?

आणि गेल्याच आठवड्यात पोस्टमास्तरांनी रक्त तपासून घेतलं होतं.

"अहो, तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला का?" घरी पोचताच काकूंनी विचारलं.

"यायचाय अजून."

"डॉक्टर काही म्हणाले का? खरं सांगा."

"म्हणाले, गोड कमी खा. आणि तू असं काय बघतेस माझ्याकडे? तूपण? सकाळपासून सगळा रस्ता माझ्याकडे असाच बघतोय."

काकूंनी शाळामास्तरीणबाईंना फोन लावला. उचलला नाही. गुरुवारी तीनदा लावला, तरी उचलला नाही. चाळीस शब्दांत आजाराचं नाव नव्हतं, मृत्यूचं नव्हतं. विचारणार कशात? शुक्रवारी त्या स्वतःच दवाखान्यात जाऊन रिपोर्ट घेऊन आल्या. साखर किंचित जास्त, बाकी माणूस ठणठणीत. काकूंनी दवाखान्याच्या पायरीवर बसून देवाचे आभार मानले आणि तिथेच ठरवून टाकलं की आता घरी जायचं. जिथे आपल्या नवऱ्याला काय झालंय हेसुद्धा विचारता येत नाही, तिथे थांबण्यात अर्थ नाही. फॉर्मवर सही करायची नाही.

त्यांनी तसं सांगितल्यावर पोस्टमास्तर बराच वेळ नळाशी खुडबुड करत राहिले. नळ गळत नव्हता.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "उद्याची झाडलोट झाली की मिशनला कळवून टाकू." त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

शनिवारी पावणेतीनला दोघं सभागृहात पोचले. पोस्टमास्तरांच्या हातात दोन बादल्या, काकूंच्या हातात झाडू, डोक्याला फडकं. दार उघडलं तर आत कागदाच्या माळा लागलेल्या, टेबलावर चादर, चादरीवर केक आणि सगळी मंडळी ठेवणीतल्या कपड्यांत. भिंतीशी वस्तूंची रांग लागली होती. पुरुषभर उंचीचं घड्याळ, गुंडाळलेली गादी, शिवणवर्गाने शिवलेली गोधडी आणि मध्यभागी एक भलीमोठी लाकडी पेटी. पेटीचं झाकण उघडं होतं आणि सुतार तिच्यात पोस्टमास्तरांचा कोट आडवा मावेल ना, हे टेप लावून पुन्हा बघत होता.

"यांच्या बादल्या कुठायत?" पोस्टमास्तर पुटपुटले. "आणि ही माणसं झाडायला बूट घालून का आलीयत?"

कुणीतरी काकूंच्या हातातला झाडू अलगद काढून घेतला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. शाळामास्तरीणबाई शेजारी येऊन बसल्या. डोळे सुजलेले.

"तुम्ही जाताय हे मला आधी सांगायला हवं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला फार वाईट वाटलं. म्हणून फोन उचलला नाही."

"कोण जातंय?" काकूंनी विचारलं. पण तोवर बेकरीवाली उभी राहून बोलू लागली होती आणि बाई काकूंच्या कानाशी तिचं बोलणं इंग्रजीत सांगू लागल्या.

"ती म्हणते, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर लोक येत होते. कुणी म्हणायचं धीर धर, कुणी म्हणायचं देवाची इच्छा. ही बाई दर गुरुवारी यायची, भट्टीजवळच्या स्टुलावर बसायची आणि काहीच बोलायची नाही. तिला आमची भाषा येत नव्हती म्हणून मी देवाचे आभार मानते. आठवड्यात तेवढा एकच तास मला कुणाला उत्तर द्यावं लागत नव्हतं."

काकूंना खुर्चीत नीट बसता येईना. मग वृद्धाश्रमातल्या आजींना चाकाच्या खुर्चीवरून पुढे आणलं. त्यांनी फक्त लपवलेला हात वर करून सगळ्यांना दाखवला, पाचही नखं वाढलेली. शिवणवर्गातल्या बायका एकदम हसल्या आणि मग एकदम रडल्या. पोस्टमास्तर बादल्या घेऊन उभेच होते. त्यांच्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बरोबर तीनला पाळकसाहेब आले. गळ्याला मफलर, एका हातात लांब झाडू, दुसऱ्या हातात बादली. माळा आणि केक बघून ते दारातच थबकले. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. झाडू हलवला. मंडळीला वाटलं दुःखाने यांचा कंठ दाटून आलाय, म्हणून दोघांनी त्यांना धरून बसवलं. शेवटी त्यांनी कागद मागवला आणि चार ओळी खरडून बाईंकडे दिल्या.

बाईंनी त्या वाचल्या. मग पोस्टमास्तरांकडे बघितलं. मग त्यांच्या हातातल्या बादल्यांकडे.

"रविवारी तुम्ही कुठला शब्द वापरलात?" त्यांनी विचारलं.

पोस्टमास्तरांनी फोन काढून दाखवला. बाईंनी खालच्या शब्दावर बोट ठेवलं. "काही सांगून पाठवतात त्याला हा शब्द. तुम्ही म्हणालात तो, कायमचं जाताना म्हणतात तो."

पोस्टमास्तर सुताराच्या पेटीचं झाकण लोटून मटकन तिच्यावर बसले. अडतीस वर्षांची सेवा त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

बाईंनी मंडळीला खुलासा केला. कुणाला हसावं की रागवावं कळेना. बेकरीवालीने मात्र थेट काकूंना विचारलं आणि ते विचारणं काकूंना बाईंच्या मदतीशिवाय कळलं. मग जाणार की नाही?

काकू उठल्या. बाई मदतीला पुढे आल्या, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं. हाताशी शब्द चाळीसच होते आणि त्यातले बारा भाज्यांचे.

"जाणं, नाही," त्या म्हणाल्या. "सोमवार, बाजार, कांदा. मंगळवार, नखं." त्यांनी आजींकडे बोट केलं. "बुधवार, सुई. गुरुवार," आणि इथे शब्दच सापडेना, म्हणून त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. "गुरुवार, असं."

सभागृहात जो गलका झाला त्यात पाळकसाहेबांचाही आवाज होता, असं काही जण आजही सांगतात.

काकूंनी पोस्टमास्तरांपुढे हात पसरला. त्यांनी खिशातून फॉर्म काढला, घडी उलगडली, पेन दिलं. काकूंनी सुताराच्या पेटीवर कागद ठेवून सही केली. दुहेरी रेघ मारली नाही. फॉर्म कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकायला शाळामास्तरीणबाई स्वतः गेल्या. ते काम पोस्टमास्तरांवर सोपवायला कुणीच तयार नव्हतं.

सुताराने मोठी पेटी परत घ्यायला नकार दिला. म्हणाला, पुढच्या वर्षी लागेलच, तोवर झाडू ठेवा.

केक संपला, मंडळी गळ्यात पडून पडून घरी गेली. आणि सगळे गेल्यावर दोघांच्या लक्षात आलं की सभागृह झाडलेलंच नाही. उलट केकचा चुरा आणि कागदाच्या माळा यांनी आधीपेक्षा दुप्पट घाण झाली होती. रंगारी परवा सकाळी यायचा होता. झाडू दोन होते आणि माणसंही दोनच.

"अडतीस वर्षांत पहिल्यांदा," पोस्टमास्तर खाली मान घालून झाडत म्हणाले, "माझ्या हातून निरोप चुकीच्या पत्त्यावर गेला."

तो अगदी बरोबर पत्त्यावर पोचला होता, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं अडकून पडलेला तो निरोप नेमका त्यांच्याच नावाचा होता. त्या सांगणारही होत्या. पण तसं सांगितलं असतं तर पुढच्या रविवारची सूचनाही पोस्टमास्तरांनीच दिली असती. म्हणून त्यांनी मुकाट्याने दोन्ही बादल्या त्यांच्या हातात दिल्या आणि पाणी आणायला पाठवलं.