प्रेअरीचा पंचनामा

गुल्हाने काका फिरायला जात नसत. ते पंचनामा करायला जात. शॉमबर्ग गावाच्या कडेला एक गवताळ माळ, इथल्या भाषेत प्रेअरी, आणि त्याला लागून ओकचं रान आहे. त्यातून दोन मैलांची पायवाट गोल फिरून परत पार्किंगपाशी येते. दर शनिवारी सकाळी काका तिथे हजर. खिशात दोन पेनं, काखेत पुठ्ठ्याला चाप लावून अडकवलेले कोरे कागद, आणि सोबत मी. पंचनाम्याला पंच लागतात म्हणून.

"पंच क्रमांक एक हजर," असं गाडीतून उतरल्याबरोबर ते पुटपुटत आणि माझं नाव लिहीत. पंच क्रमांक दोनची जागा रिकामी राही. एवढ्या मोठ्या देशात सकाळी आठ वाजता दुसरा पंच मिळू नये, याचा त्यांना मनापासून राग होता.

मी त्यांच्या मुलाकडे, अभयदादाकडे, बेसमेंटमधल्या खोलीत भाड्यानं राहायची. हिंगोलीजवळच्या गावातून मास्टर्स करायला आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणतात हे मला नीट येत नव्हतं आणि ड्रायव्हिंग लायसन्स नुकतंच मिळालं होतं. काकांना दोन्ही गोष्टी सोयीच्या होत्या.

काका अमरावतीचे. कृषी खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी गाजर गवत निर्मूलनाच्या मोहिमांमध्ये. मुलानं ग्रीन कार्ड काढून दिलं म्हणून ते इथे आले. वाटेच्या सुरुवातीला पाटी होती. पूर्वी इथे मक्याचं शेत होतं, ते काढून मूळचं रानगवत पुन्हा लावलं आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा काका शेजारच्या दगडावर बसले ते उठेचनात.

"पीक काढून तण पेरलं? आणि वर पाटी लावून राहिले?"

मग दर शनिवारी नवा गुन्हा सापडू लागला. पाटीवर वाट 'सोपी' आहे असं लिहिलं होतं, त्याच्यावर हरकत. सोपी म्हणजे कोणाला? दम्याच्या माणसाला सोपी आहे का, हे लिहायला नको? वाट गोल आहे, त्याच्यावरही हरकत. अडीच तास चाललो आणि पोचलो कुठं, तर आपल्याच गाडीपाशी. दोन मैलांना अडीच तास लागायचे ते काका प्रत्येक झुडपाची उंची टेपनं मोजत म्हणून, पण हे मी कधी बोलले नाही. एप्रिलमध्ये, गवत जोमानं यावं म्हणून, तिथल्या लोकांनी ठरवून सगळा माळ पेटवला. काळ्या राखेत उभं राहून काकांनी मला 'जळिताचा पंचनामा' सांगितला, तो साडेतीन पानं झाला. महिन्याभरात तिथे घोट्याएवढं हिरवं गवत उभं राहिलं. तेही लिहायचं का, असं मी विचारलं.

"उगवल्याचा पंचनामा नसतो, पोरी," ते म्हणाले. पण चेहरा पडला होता.

जुलैमध्ये खरा गुन्हा सापडला. ओकच्या रानाआधीच्या वळणावर पांढऱ्या बारीक फुलांचं एक झाड होतं, फुलकोबीचे इवले तुरे असावेत तसं. खाली छोटी पाटी, तिच्यावर शास्त्रीय नाव. काकांनी वाकून वाचलं. पार्थेनियम.

त्यांनी पेन खिशात ठेवून दिलं. पार्थेनियम म्हणजे गाजर गवताचं घराणं. "हे इथूनच आमच्याकडं गव्हाच्या पोत्यांतून आलं म्हणतात. आम्ही जन्म घातला ते उपटण्यात. आणि इथं हे लोक त्याचं नाव कोरून, पाटी लावून त्याले वाढवून राहिले!" त्या दिवशी पंचनामा झाला नाही.  घरी गेल्यावर अभयदादाला एवढंच म्हणाले, "शालिनीचं तिकीट कॅन्सल कर."

शालिनीकाकू अजून अमरावतीलाच होत्या. त्यांचा दमा बरा असला की तिकीट, बिघडला की रद्द, असं दोनदा झालं होतं. आता कुठे ऑगस्टचं बुक झालं होतं. अभयदादा वैतागला. "यार बाबा, एका गवतासाठी? आई दोन वर्षं वाट बघतेय." रविवारी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यानं हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. सगळे हसले. मीही हसले. मग कोपऱ्यात पुलावाची प्लेट हातात धरून बसलेले काका दिसले आणि मला त्या सगळ्यांचा राग आला, माझाही.

पुढच्या शनिवारी काकांनी पेपरात गुंडाळून खुरपं आणलं. फूल, पान काहीही तोडू नये, असं तिथे ठळक लिहिलेलं. मी स्टुडंट व्हिसावरची. पकडले गेले तर थेट परत गावी. पण 'काका, नको' हे दोन शब्द तोंडातून निघेनात.

त्या वळणावर एक सत्तरीच्या बाई गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या. आयरीन त्यांचं नाव, तिथे दर आठवड्याला स्वतःहून काम करायच्या. शेजारी उपटलेल्या परदेशी तणाचा ढीग. काका थबकले. त्या माळावर तण काढणारं माणूस ते पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडम," ते अदबीनं म्हणाले, "धिस प्लांट इज अ क्रिमिनल."

आयरीनबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग सांगितलं, ते मी अडखळत मराठीत केलं. हे गाजर गवत नव्हे, त्याचं चुलत भावंड. नांगराखाली जवळजवळ संपलंच होतं. त्यांनी बी गोळा करून, दोन वर्षं कुंडीत जपून लावलं.

"चुलत भाऊ निर्दोष असतो असं कोण म्हणतं?" काका मला म्हणाले. पण खुरपं पेपरातच राहिलं.

आम्ही बाकावर बसलो. कशी कोण जाणे, मी बोलून गेले, की माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जाते. गाजर गवतानं तिचे हात कोपरापर्यंत सोलून निघतात. काका एकदम अधिकारी झाले. गाव कोणतं, तालुका कोणता. मग विचारलं, "हातमोजे घाला म्हणून आमच्या खात्याचं पत्रक आलं नव्हतं?"

"आलं असेल, काका. आईला वाचता येत नाही."

त्यांनी खुरप्यावरचा पेपर पुन्हा नीट गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "शालिनीले आधी दमा नव्हता. मी दिवसभर ते गवत उपटून घरी यायचो. कपड्यांवर त्याची भुकटी. ती रोज हातानं धुवायची. मी गावोगाव भाषण द्यायचो, भुकटीपासून दूर राहा. घरी कधी सांगितलं नाही."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. 

काका उठले. आयरीनबाईंकडे एक पान मागितलं. त्यांनी स्वतःच तोडून दिलं. काकांनी बाही वर केली. गाजर गवत नुसतं घासलं तरी त्यांच्या हाताला दहा मिनिटांत खाज सुटते, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पान कोपराच्या आतल्या बाजूला चोळलं. मग त्या पांढऱ्या तुऱ्यात नाक खुपसून जोरानं श्वास ओढला, एकदा नव्हे, पाचसहादा. आणि घड्याळ हातात धरून उन्हात उभे राहिले. आयरीनबाई तण काढायचं सोडून त्यांच्या कोपराकडे बघत बसल्या.

अर्ध्या तासानं काकांनी मला कागद दिला आणि सांगू लागले.

"सदर वनस्पतीचे पान उजव्या कोपरास चोळले. फुलाचा वास घेतला. तीस मिनिटांनी पाहिले असता खाज नाही, पुरळ नाही, दम लागला नाही." आयरीनबाईंनी न वाचता येणाऱ्या त्या कागदावर पंच क्रमांक दोन म्हणून सही केली. काकांनी त्यांना नमस्कार केला आणि शेवटच्या दोन ओळी सांगितल्या. माझं पेन थांबलं.

"लिही, पोरी," ते म्हणाले. "शासकीय कामात थांबायचं नसते."

मी लिहिलं. 'सबब सदर रस्ता सौ. शालिनी गुल्हाने यांना सावकाश चालण्यास योग्य आहे. त्यांच्या दहा पावलं पुढे, गवत तपासत, मी चालेन.'