धुऱ्यावरच्या आंब्यास पडलेला वेढा

श्रीगजानन प्रसन्न. मौजे शेंदूरजनाघाट येथील संत्राबागेत वैशाखमासी जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान चित्त देऊन ऐकावे. तिखटमीठ थोडे लाविले असेल, परंतु पदरचे काही घातले नाही.

बागेचे धनी राजमान्य राजश्री महादेवराव. घरात आवाज त्यांचा, अंमल गोदाबाईसाहेबांचा. बाईसाहेबांनी नवी नवरी असता माहेरच्या आंब्याची कोय आणून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाविली आणि तिचा बुलंद वृक्ष जाहला. मग त्याची सावली संत्र्यांवर पडू लागली आणि रावसाहेबांचे पित्त खवळले आणि हुकूम सुटला की, शेषराव आरेवाले यांनी दोर व आरा घेऊन यावे व आंबा जमीनदोस्त करावा. बाईसाहेबांनी वरणात मीठ घालणे बंद केले, तरी हुकूम फिरेना. माहेरी आता कोणी उरले नव्हते, हे झाड तेवढे होते.

शेषराव येऊन ठेपले, त्याच सकाळी अकोल्याच्या जठारपेठेतून प्रतीक्षाबाई कार्बनच्या हिशेबासाठी बागेची झाडे मोजावयास दाखल जाहल्या. त्यांचे निवेदन ऐसे की, हवेतील कार्बन हा मोठा गनीम; झाडे त्यास धरून खोडात कैद ठेवितात; जितका घेर मोठा, तितके कैदी फार. रावसाहेबांची छाती फुगली आणि संत्र्यांची मोजणी जाहली आणि खोडे मांडीएवढीच भरल्याने छाती अंमळ उतरली. मग बाईसाहेबांनी मसलत करून मोजणीची स्वारी आंब्याकडे वळविली. तेथे टेप आखूड पडली, म्हणोन शेषरावांचाच दोर घेतला आणि एक टोक रावसाहेबांनी खोडाशी दाबून धरिले आणि दुसरे बाईसाहेबांनी वळसा घालून आणिले आणि टोके जुळविता हातात हात आला. मोजणी संपली, तरी हात सुटेना.

"सोडा ना आता, बाई पाहून राहिली," बाईसाहेब पुटपुटल्या.

"पाहू दे."

प्रतीक्षाबाई म्हणाल्या, "काका, हा एकटा आंबा तुमच्या अख्ख्या ओळीले भारी हाय. तोडला तं सारे कैदी सुटतीन."

रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरविला आणि शेषरावांवर डोळे वटारले. "दोर आनला ते बरं केलं. पन आरा काहून आनला बे?"

येणेप्रमाणे वेढा उठला, आंबा राहिला, गोदाबाईसाहेबांची फत्ते जाहली. त्या सांजेस वरणात मीठ पडले आणि रावसाहेबांनी दोनदा मागून घेतले.