लाल लुगड्याच्या बुरुजाची हकीकत

श्री. दर्यास नमन, आणि दर्याचे पाणी ओळखणारीस त्याहून आधी नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पौर्णिमा, बुधवार, सकाळी साडेआठाचे सुमारास धुरपदाबाय कोळीण, वय सत्तरीपार, किनाऱ्यावर कालवे फोडीत बसली होती, ती आम्हांस बोलली जे, "अगो बाय, आज पुनव हाय. पानी समोरशी नाय येत, मागशी येतं. पोरीला घेऊन बुरजावर जाव नको." आम्ही पदवीधर. हसून म्हटले, "मावशी, आठ ते सहा खुला आहे, फलकावर लिहिलंय." आणि पुढे कूच केले.

हे राज्य समुद्रतीरी. पूर्वी फिरंगी अंमल होता, तेव्हा त्याने खडकांवर तीन टेहळणीचे बुरूज बांधिले. दोन दर्याने खाल्ले, एक अर्धामुर्धा उभा. तो पाहावयास स्वारी निघाली: यजमान हर्षदराव, कन्या रेवती वय वर्षे चार, आणि आम्ही. बरोबर सरंजाम म्हणावा तर टोप्या दोन, तापाचे औषध, मलमपट्टी, उकळून गार केलेले पाणी. ऐसी आम्हांस काळजीची खोड. एक म्हातारीचे बोलणे तेवढे घेतले नाही. मग खडकांवरून बुरूज गाठला, आणि झरोक्यातून फिरंगी जिकडे पाहत असे तिकडे आम्हीही पाहत बसलो, आणि यजमान तसबिरी काढीत राहिले, आणि तासाभराने रेवती मागे वळोन म्हणाली, "आई, वाट कुठे गेली?"

वाट नव्हती. उधाणाचे पाणी गनिमासारखे पिछाडीस येऊन बसले होते. यजमानांनी रेवतीस कडेवर उचलिले. इतक्यात कमरेइतक्या पाण्यातून धुरपदाबाय काठी टेकीत आली, आणि पोर खांद्यावर घेतली, आणि म्हणाली, "पानी बघू नका. माजी पाठ बघा, मी पाय ठेवतंय तिथं पाय ठेवा." येणेप्रमाणे तिघे जिवंत किनाऱ्यास लागलो. म्हातारीची टाच मात्र कालवांच्या शिंपल्यांनी हाडापर्यंत चिरली. मलमपट्टी आमचीच कामी आली, आणि बांधता बांधता आम्ही उलट तिलाच विचारले, "मावशी, ओरडून का नाही सांगितलंत?"

"ओरडाया कधी लागलंच नाय गो. लुगडं होतं ना."

ती हकीकत ऐसी जे, तिच्या आजेसासूपासून चाल होती: पाणी चढू लागले की बुरुजावर काठीस लाल लुगडे लावावे, म्हणजे कालवे काढणाऱ्या बाया माघारी फिरत. दिवाळीत नगरपालिकेच्या दरबाराने शोभा करावयाची मसलत केली आणि लुगडे उतरवून पुन्हा लावण्यास मनाई केली.

मग आम्ही ओल्या कपड्यांनिशी दरबारी गेलो. अधिकारी हुजूर खुर्चीत विराजमान होते. वदले, "मॅडम, ते लाल फडकं प्रत्येक फोटोत यायचं. पर्यटक घाबरायचे."

"घाबरावं म्हणूनच होतं ते!"

"आणि लहान मुलीला घेऊन तिथे जायचंच कशाला? आई आहात ना तुम्ही?"

तो वार वर्मी लागला, कारण अर्धा खरा होता. उरलेल्या अर्ध्यासाठी अंगाची आग आजही शमत नाही. परमुलखातून आलेल्या फिरंग्याने या खडकावर पहारा ठेविला, आणि आपल्याच राज्याने आपल्याच लेकराबाळांवरचा पहारा उठविला, का, तर तसबीर बिघडते! पुढे आठा दिवसांत म्हातारीसच हुकूम गेला जे, पर्यटकांस भय दाखवू नये, नाहीतर किनाऱ्यावर बसू देणार नाही.

तात्पर्य, चूक आमची एक, दरबाराची दुसरी, आणि टाच फाटली तिची. आम्ही आमचे लाल लुगडे टपालाने धाडिले आहे. पोचले की नाही, खबर नाही. तिजपाशी फोन नाही, आणि जखम साखरेच्या रोगाने भरत नव्हती. वाचणाऱ्यांनी तिकडे जाणे जाहल्यास बुरुजावरची काठी आधी पाहावी, बुरूज मागाहून. पाणी चढत असता वर लाल दिसले तर माघारी फिरावे. न दिसले, तर वाळूलगतचे निळ्या दाराचे घर तिचे. दार वाजवावे, आणि आत कोणी ओ देते का, तेवढे पाहावे.