लबीबचा कडक उपास

"या गुरुवारी तुम्ही मठात जाताय," मार्सेल म्हणाली आणि हसली.

मोठ्या उपासाच्या दिवसांत, सकाळी सकाळी, चहात दूध नसताना मार्सेल हसल्याचं लबीबला आठवत नव्हतं. त्याने कप खाली ठेवला.

"मी? कशाला?"

"एकांतवासाला. चर्चची बस चाललीय. गुरुवारी निघायचं, शनिवारी परत. नाव दिलंय मी तुमचं."

"पण मीच का?"

"अहो, जरा मन शांत होईल."

आपलं मन अशांत आहे हे हिला कुणी सांगितलं? लबीबने तिच्याकडे टक लावून पाहिलं. ती निवांतपणे मसूर निवडत होती. इतक्या निवांतपणे मसूर निवडणारी बाई सरळ असूच शकत नाही, असं त्याचं ठाम मत झालं.

मन अशांत असायला कारण होतं, आणि ते कैरोच्या पाणीखात्यामागच्या गल्लीत चार चाकांवर उभं असायचं. लबीब त्या खात्यात कारकून. ईस्टरआधीचा मोठा उपास म्हणजे जवळजवळ दोन महिने मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. सुरुवातीचे दिवस लबीबने प्रामाणिकपणे पाळले (म्हणजे सोमवार आणि मंगळवार). बुधवारी वारा फिरला आणि मागच्या गल्लीतल्या कलेजीच्या गाडीचा वास खिडकीतून थेट त्याच्या टेबलावर आला. लसूण, हिरवी मिरची, गरम पाव! मग काय, रोजचंच झालं. खाऊन झालं की तोंडाचा वास जावा म्हणून पार्सलीची, कोथिंबिरीसारख्या पाल्याची, अख्खी जुडी चावायची आणि हुतात्म्याचा चेहरा करून घरी जायचं. घरी मार्सेल तव्यावरचा पहिला गरम वडा त्यालाच द्यायची. "उपासानं किती सुकलात!" असंही म्हणायची. (पट्टा तेवढा एक भोक सैल करावा लागला होता.)

खाण्यापर्यंत ठीक होतं; अडचण पुढे होती. ईस्टरला सगळं घर रांगेत उभं राहून प्रसाद घेणार, आणि धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिल्याशिवाय प्रसाद नाही. लबीब एकटाच बाकावर बसून राहिला तर मार्सेलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडणार. आणि कबुली द्यायची कुणाला? त्याचे कबुलीचे गुरू अबूना (म्हणजे फादर) तादरोस, म्हणजे मार्सेलचे सख्खे मामा! अबूना कुणाचं गुपित कधी फोडत नाहीत, हे त्यांची सगळी शुब्रा वस्ती जाणते. त्यांचे ओठ शिवलेले असतील हो, पण भुवयांचं काय? भाचीसमोर एक भुवई वर गेली की लबीबचा संसार खाली.

बसमध्ये शेजारी बसला नसीम, वरच्या मजल्यावरचा औषधवाला.

"तुलाही बायकोनंच पाठवलं?" त्यानं विचारलं.

"'तुलाही' म्हणजे काय?"

"माझंही नाव हिनंच दिलं. दोघी कालपासून जिन्यात कुजबुजतायत. मी गेलो की गप्प होतात."

म्हणजे कटच होता. लबीबला सगळीकडे खुणा दिसू लागल्या. मठाच्या दारात पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या साधूने त्याच्याकडे बघून स्मित केलं. जेवताना त्याच साधूने मसुराचं सार त्याच्या ताटलीत दोनदा ओतलं. "घ्या हो, तुम्हाला सवय नसेल," असं वर म्हणाला. सवय कशाची? उपासाची? एवढ्या जणांत हे मलाच का? दुपारच्या मौनाच्या वेळात सगळे प्रार्थना करत होते आणि लबीब एकेकाचा चेहरा तपासत होता.

शुक्रवारी मात्र त्याच्या डोक्यात वीज चमकली. इथं वाळवंटात इतके साधू. जन्मात कधी शुब्रात न येणारे! त्यांतल्या एखाद्याला सगळं सांगून मोकळं व्हायचं. कबुलीची कबुली आणि मामांच्या भुवया जागच्या जागी.

जुन्या चर्चमागे, भिंतीच्या सावलीत एकजण एकटेच बसले होते. काळा झगा, नुकती वाढू लागलेली दाढी, कानांवरून ओढलेली काळी लोकरी टोपी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. साधूच्या डोक्यावर क्रॉस विणलेलं टोपडं असतं, हे शुब्रातलं शेंबडं पोरही सांगेल. यांच्या डोक्यावर ते नव्हतं. नाही हे लबीबला दिसलंसुद्धा. पण त्यानं मनाशी ठरवलं, केवढा मोठा तपस्वी असेल हा, टोपड्याचाही मोह सोडलाय!

तो गुडघ्यांवर बसला आणि सुटला. कलेजी, मिरची, पार्सली, पहिला गरम वडा, सगळं. एकदा दोन पाव खाल्ले तेही. मार्सेलचे गुडघे दुखत असताना ती उभी राहून आपल्यासाठी वडे तळते, हे सांगताना तर त्याला खरंच रडू आलं. तपस्व्याने डोळे उघडले, त्याच्याकडे अपार करुणेने पाहिलं, हातातला क्रॉस त्याच्या डोक्यावर टेकवला आणि पुन्हा डोळे मिटले. एक शब्द नाही, एक प्रश्न नाही. याला म्हणतात संत!

लबीब इतका हलका होऊन घरी आला की सोमवारी ऑफिसात खिडकी लावून बसला. मार्सेलने दोन दिवसांत सगळे गालिचे धुऊन गच्चीवर टाकले होते. त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये नव्या धर्मगुरूंचं स्वागत होतं. मिन्या शहराकडचे अबूना यूस्तुस. दीक्षा झाली की नव्या अबूनांनी चाळीस दिवस मठात राहायचं, प्रार्थना पाठ करायच्या, मग आपल्या चर्चमध्ये यायचं, ही आपली रीतच. घंटा वाजल्या, बायकांनी आनंदाचा गजर केला, अबूना आत आले आणि लबीब खांबामागे गेला.

तेच! तीच दाढी, तेच अपार करुणेचे डोळे.

पहिलंच प्रवचन उपासावर. (मोठ्या उपासात दुसऱ्या कशावर असणार? पण हे लबीबला कोण सांगणार?) "देव ताटात बघत नाही, मनात बघतो," अबूना म्हणाले आणि त्यांची नजर खांबावर स्थिरावली. लबीब खांबामागे आणखी आत सरकला.

त्याच आठवड्यात अबूना घरोघरी भेटी देत त्यांच्याकडे आले. मार्सेलने द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या केल्या होत्या.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," अबूना म्हणाले.

"नाही नाही! माझा चेहराच तसा आहे. सगळ्यांनाच वाटतं."

"अहो, मठात असेल! तुम्ही नाही का गेला होतात?" मार्सेल म्हणाली. "अबूना, हे मोठा उपास इतका कडक करतात की मलाच भीती वाटते. बघा ना कसे झालेत."

अबूनांनी लबीबकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसतंय," ते म्हणाले.

लबीबने चमचा गुंडाळीत खुपसला.

"तुमच्या कोपऱ्यावर काय वास सुटला होता हो!" अबूना सहज म्हणाले. "एखाद्याचं मन चळायचंच."

झालं. लबीबने चमचा आपटला.

"बस्स, अबूना! असं टोचून टोचून मारू नका! मठात मी सगळं सांगितलं ना तुम्हाला? हो, खाल्ली कलेजी! रोज खाल्ली! वर पार्सली चावली! पण कबुलीतलं असं माझ्या बायकोसमोर काढायचं? हा कुठला न्याय?"

 अबूनांचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, मी कोपऱ्यावरच्या बेकरीबद्दल बोललो," ते चाचरत म्हणाले. "आणि मठात... ते तुम्ही होतात होय? मला अजून कबुली ऐकायची परवानगी नव्हती हो. प्रार्थनेच्या चाली पाठ होईनात, म्हणून टोपीखाली इअरफोन घालून रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. डोळे उघडले तर समोर कुणीतरी ओक्साबोक्शी रडतंय! वाटलं, बिचाऱ्याच्या घरी काही दुःख झालं असेल. म्हणून क्रॉस टेकवला. ऐकलं काहीच नाही. एक अक्षरही नाही!"

लबीबने हळूच बायकोकडे पाहिलं. कट नव्हता, कुजबुज गालिचे धुवायला नवरे घराबाहेर काढायची होती आणि तिला आजवर कशाचाच पत्ता नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. आता मात्र सगळा पत्ता लागला होता.

मार्सेल ओरडली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, लबीबच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि अबूनांसमोर सरकवली.

"घ्या अबूना, पोटभर खा. हे बाहेरून जेवून येतात."